ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यातलं सरकारी अर्थसहाय्य: कुठला हप्ता कुठे अडतो

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर अत्याचार झाला तर सरकारकडून मदत मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ती निकाल लागल्यावर मिळते, असाही समज असतो, आणि तो चुकीचा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. १४ एप्रिल २०१६ ला त्यांत मोठी सुधारणा झाली. त्यानुसार गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत रक्कम ठरलेली आहे. नियम १२(४) म्हणतो की मदत सात दिवसांत द्या. आरोपी सापडला की नाही, त्याला जामीन मिळाला की नाही, याच्याशी पहिल्या हप्त्याचा काही संबंध नाही.

तरीही पैसे वर्ष-दोन वर्षं लटकतात. प्रत्येक हप्ता एका ठरावीक कागदाला बांधलेला आहे, आणि तो कागद पोलीस ठाण्यातून समाजकल्याणच्या टेबलावर आपोआप जाईल असं सगळे धरून चालतात. तो आपोआप जात नाही. अर्ज लिहिण्यापेक्षा हे कागद हलते ठेवणं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी बघा, कायदा लागू होतो का

पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची हवी आणि गुन्हा करणारा या दोन्हींपैकी कशातच नसावा. आरोपी पाच असतील आणि त्यातला एक अनुसूचित जातीचा असेल, तर त्या एकाला हा कायदा लागत नाही. बाकी चौघांना लागतो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना १९९० च्या दुरुस्तीपासून हे संरक्षण आहे. ख्रिश्चन किंवा मुस्लिम धर्म स्वीकारला तर अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, पण जमातीचा राहतो, कारण जमातीला धर्माची अट नाही. हे एकदा नीट तपासून घ्या. चार्जशीटच्या टप्प्यावर हा मुद्दा निघाला तर तोवरची धावपळ फुकट जाते.

फिर्याद: सगळं इथेच ठरतं

फिर्याद तोंडी सांगितली तरी चालते. ठाणे अंमलदाराने ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, मगच सही घ्यायची आणि एफआयआरची प्रत लगेच, मोफत द्यायची. हे काम जाणूनबुजून टाळणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्षाची शिक्षा आहे. "आधी चौकशी करतो, मग बघू" हे उत्तर २०१८ पासून बेकायदा आहे. कलम १८-ए सांगतं की गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. जातीचा दाखला जवळ नाही म्हणूनही गुन्हा अडवता येत नाही. दाखला तपासात जोडता येतो.

एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) देऊन परत पाठवलं तर ठाण्यात वाद घालत बसू नका. सगळी हकीकत कागदावर लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, शहरात पोलीस आयुक्तांना. पावती जपून ठेवा. १४५६६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या. हा टोल-फ्री क्रमांक चोवीस तास चालू असतो. तरीही हालचाल झाली नाही तर विशेष न्यायालयाकडे थेट जाता येतं. २०१५ च्या दुरुस्तीने या न्यायालयाला गुन्ह्याची थेट दखल घेण्याचा अधिकार दिला आहे.

आता फिर्यादीत काय यायला हवं ते.

जातिवाचक शिवीगाळ असेल तर नेमके शब्द लिहून घ्यायला लावा, कितीही घाण असले तरी. "जातीवरून शिवीगाळ केली" एवढ्यावर कलम लागतं, पण कोर्टात टिकायला शब्द लागतात. प्रसंग कुठे घडला, तिथे आणखी कोण होतं, त्यांची नावं लिहा. कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) साठी अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणीच नसताना झालेला अपमान यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटलं आहे. नुसती दोघांतली फोनवरची शिवीगाळ याच कारणाने सहसा टिकत नाही. अंगण, रस्ता, पाणवठा, शेताचा बांध, जिथे येणारे-जाणारे ऐकू शकत होते, ती जागा तशीच वर्णन करा.

आणखी एक वाक्य हमखास राहून जातं: आरोपीला आपली जात माहीत होती, आणि कशी. "आरोपी आमच्याच गावचा असून त्याला आमची जात माहीत आहे" हे लिहून घ्या. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना वैयक्तिक ओळखत असेल तर जात माहीत होती असंच न्यायालय धरतं. उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर जाते. पण ओळख फिर्यादीत आली तरच हे पुढे उपयोगी पडतं.

कलमावरून रक्कम

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

समजा, बांधावरून भांडण झालं, जातीवरून शिव्या दिल्या आणि काठीने हात मोडला. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं मारहाणीचं कलम आणि ॲट्रॉसिटीचं ३(१)(आर)(एस) लावलं. या नोंदीखाली, म्हणजे नियमांच्या परिशिष्टातल्या रकमेच्या ओळीखाली, मदत १ लाख रुपये: २५ टक्के एफआयआरवर, ५० टक्के चार्जशीट न्यायालयात गेल्यावर, २५ टक्के खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्यावर. म्हणजे पहिला हप्ता २५ हजार. पण दुखापतीची कलमं कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ३(२)(व्हीए) सुद्धा लागायला हवं होतं. त्याची रक्कम २ लाख, पहिला हप्ता ५० हजार. एक उपकलम राहिलं म्हणून मदत निम्मी झाली. मूळ गुन्ह्याला दहा वर्षं किंवा अधिक शिक्षा असेल तर ३(२)(व्ही), आणि मदत ४ लाख. हात कायमचा निकामी झाला तर अपंगत्वाची नोंद वेगळी आहे: पन्नास टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्वाला अडीच लाख, पन्नासच्या वर पण शंभरच्या आत साडेचार लाख, शंभर टक्के असेल तर ८ लाख २५ हजार. यात निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी आणि अहवालानंतर, निम्मी चार्जशीटनंतर. म्हणून उपचार संपल्यावर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा आणि ते तपास अधिकाऱ्याकडे व समाजकल्याणकडे, दोन्हीकडे द्या. ते घरातल्या पेटीत राहिलं तर प्रकरण १ लाखाच्याच नोंदीखाली बंद होतं.

कलम सुटलं असेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज करून कलमवाढ मागा. अर्जात घटना पुन्हा सांगू नका; "वैद्यकीय अहवालात अस्थिभंग नमूद आहे, सबब कलम ३(२)(व्हीए) समाविष्ट करावे" इतकं पुरे. पुरवणी जबाबही देता येतो.

बाकीच्या नोंदींतल्या मोजक्या सांगतो. बलात्काराला ५ लाख, सामूहिक बलात्काराला ८ लाख २५ हजार. पहिला ५० टक्के वैद्यकीय तपासणी व अहवालानंतर, २५ टक्के चार्जशीटवर आणि शेवटचा २५ टक्के खटला संपल्यावर. इथे शब्द "खटला संपल्यावर" असा आहे, "शिक्षा झाल्यावर" असा नाही. आरोपी सुटला म्हणून हा हप्ता नाकारला जात असेल तर नियमाच्या परिशिष्टातली ही ओळ दाखवा. ॲसिड हल्ल्यात चेहरा, डोळा, कान, नाक, तोंड यांना इजा किंवा ३० टक्क्यांवर भाजलं असेल तर ८ लाख २५ हजार, १० ते ३० टक्क्यांना ४ लाख १५ हजार, चेहरा सोडून १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ८५ हजार. उपचाराची जबाबदारी सरकारची.

गावाने वाळीत टाकलं असेल, दुकानदार माल देत नाही, पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद, तर ३(१)(झेडसी). यात १ लाख रुपये चार्जशीट गेल्यावर एकरकमी मिळतात आणि बंद झालेल्या सगळ्या सोयी पूर्ववत करून देणं हेही मदतीतच येतं. लोक पैशाचा पाठपुरावा करतात, हा दुसरा भाग मागायचा राहतो. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा मागा, कोणतं दुकान, कोणती गिरणी, अशी यादी देऊन. पाणवठा घाण केला असेल तर पाणी स्वच्छ करण्याचा खर्च सरकारचा, शिवाय ८ लाख २५ हजार जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा होऊन त्यातून वस्तीसाठी सामूहिक मालमत्ता उभारायची असते. ही रक्कम कुणा एकाची नसते, त्यामुळे तिची मागणीही कुणी करत नाही. वस्तीतल्या पंधरा-वीस जणांनी सह्या करून अर्ज दिला तर ती हलते.

घर जाळलं किंवा पाडलं असेल तर सरकारी खर्चाने विटा-दगडाचं पक्कं घर बांधून द्यायचं. इथे पंचनामा हाच पाया. तलाठ्याचा आणि पोलिसांचा, दोन्ही पंचनाम्यांत "पूर्णतः नष्ट" की "अंशतः" हे काय लिहिलंय ते सहीपूर्वी वाचा.

फाईलला काय लागतं

एफआयआरची प्रत, जातीचा दाखला, आधार, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, जखमा असतील तर वैद्यकीय प्रमाणपत्र, मृत्यू असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि वारसांचा तपशील. पुढच्या टप्प्यावर चार्जशीटची प्रत आणि विशेष खटला क्रमांक.

दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांचा लागतो आणि नेमका तोच अनेकांकडे नसतो. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज टाका. तोवर शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत, वडिलांचा किंवा सख्ख्या भावाचा दाखला फाईलला लावा आणि "मूळ दाखला मिळताच सादर करतो" असं लिहून द्या. जात वैधता प्रमाणपत्राची अट या नियमांत कुठेही नाही. कुणी मागितलं तर लेखी मागा म्हणावं.

बँक खातं पीडित व्यक्तीच्या स्वतःच्या नावे, चालू असलेलं हवं. वर्षभर व्यवहार नसलेलं खातं, आधारवर "सुनिता" आणि पासबुकावर "सुनीता", केवायसी राहिलेली, असल्या कारणांनी मंजूर रक्कम परत जाते आणि कळतही नाही. शंभर रुपये भरून-काढून खातं जागं करा. नावात फरक असेल तर आताच दुरुस्त करा.

सात दिवसांचा अर्ज

नियमाप्रमाणे अर्जाचीही गरज नाही. गुन्हा नोंदला की मदत देणं जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचं काम आहे. प्रत्यक्षात फाईल जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे तयार होते आणि पोलिसांचा प्रस्ताव आल्याशिवाय उघडत नाही. म्हणून एफआयआरनंतर दोन-तीन दिवसांत अर्ज द्यावाच. मजकूर असा ठेवा:

> प्रति,
> मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती, जिल्हा ______
>
> विषय: ______ पोलीस ठाणे, गुन्हा रजि. नं. ___/२०__ मध्ये नियम १२(४) नुसार अर्थसहाय्य मिळणेबाबत.
>
> महोदय,
> वरील गुन्हा दि. ______ रोजी नोंद झाला असून त्यात अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाची कलमे ______ लावण्यात आली आहेत. मी या गुन्ह्यातील पीडित / अवलंबित आहे. नियम १९९५ मधील नियम १२(४) व परिशिष्ट १ नुसार देय असलेला पहिला हप्ता सात दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावा. एफआयआर, जातीचा पुरावा, आधार व पासबुकाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
> मंजुरी देताना परिशिष्टातील कोणत्या नोंदीखाली रक्कम ठरवली ते मला लेखी कळवावे.
>
> प्रत: सहायक आयुक्त, समाजकल्याण, उपविभागीय पोलीस अधिकारी

शेवटच्या ओळीआधीचं वाक्य गाळू नका. नोंद कळली तर रक्कम कमी धरली का हे तपासता येतं. तिन्ही ठिकाणी अर्ज स्वतः नेऊन आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. शिपायाकडे दिलेला, पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात विषयात आणि पाकिटावर पीडितेचं नाव लिहू नका. फक्त गुन्हा नंबर लिहा आणि बंद पाकिटात द्या. ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

ठरलेली उत्तरं आणि त्यांना उत्तर

"समितीची बैठक झाली की मंजुरी देऊ." जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असतं आणि दिलेल्या मदतीचा, पुनर्वसनाचा, खटल्यांचा आढावा घ्यायचा असतो. पहिला हप्ता समितीच्या बैठकीपर्यंत थांबवा असं नियम १२ म्हणत नाही. सात दिवसांची मुदत आणि तीन महिन्यांची बैठक एकत्र जमूच शकत नाहीत, एवढं लक्षात आणून दिलं तरी पुष्कळदा काम होतं.

"पोलिसांकडून प्रस्ताव आला नाही." हे बऱ्याचदा खरं असतं. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन जावक क्रमांक विचारा. क्रमांक मिळाला तर तो घेऊन समाजकल्याणला जा. नाही मिळाला तर प्रस्ताव पाठवण्याचा अर्ज तिथेच द्या. दोन कार्यालयांमध्ये हेलपाटे घालण्यापेक्षा हा एक नंबर हातात असणं बरं.

"अनुदान नाही." हे उत्तर लेखी घ्या. निधी वेळेत काढता यावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना कोषागारातून रक्कम काढण्याचे अधिकार राज्याने द्यावेत, अशी तरतूद २०१८ मध्ये नियमांत घातली गेली आहे. लेखी उत्तर मिळत नसेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि तीनच गोष्टी विचारा: माझ्या गुन्ह्याचा प्रस्ताव कोणत्या तारखेला मिळाला, कोणत्या नोंदीखाली किती रक्कम मंजूर झाली, वितरित झाली नसल्यास कारण काय. "सविस्तर माहिती द्यावी" असं लिहिलं की गोलमाल उत्तर येतं.

यानेही भागलं नाही तर नियम १२(७) आहे. दिलेल्या मदतीचा अहवाल जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी विशेष न्यायालयाला पाठवायचा असतो, आणि मदत वेळेवर मिळाली नाही, अपुरी मिळाली किंवा अर्धवट मिळाली असं न्यायालयाला वाटलं तर ते पूर्ण रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतं. साध्या अर्जावर हे मागता येतं, आणि पोच असलेले अर्ज तिथेच कामी येतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो; अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांची हेल्पलाइन १५१००.

खुनाच्या प्रकरणात

खून किंवा मृत्यू झाला तर ८ लाख २५ हजार: निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे चार्जशीट गेल्यावर. निकालाला काहीच राखून ठेवलेलं नाही. पण ही रक्कम म्हणजे मदतीचा एक भाग. त्याखेरीज घटनेपासून तीन महिन्यांच्या आत विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा ५ हजार रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता, कुटुंबातल्या एकाला नोकरी, शेतजमीन, गरज असेल तर घर, मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च, आणि तीन महिन्यांचं धान्य-डाळी व भांडी, हेही परिशिष्टात आहे.

अनेक कुटुंबं सव्वाआठ लाखांवर थांबतात, कारण बाकीचं कुणी सांगत नाही. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा अर्ज द्या. एकाच अर्जात सगळं मागितलं की फाईल समाजकल्याण, महसूल आणि शिक्षण यांच्यात फिरत राहते आणि कुणाचीच होत नाही.

घरातला वाद इथे फार नडतो. विधवा एकीकडे, सासू-सासरे दुसरीकडे, आणि दोघांचे दोन अर्ज गेले की कार्यालय रक्कम रोखून धरतं. नियमात वारस नव्हे तर अवलंबित हा निकष आहे. कोणाला किती, हे घरात बसून ठरवा आणि सर्वांच्या सह्यांचं संमतिपत्र पहिल्याच अर्जाला जोडा. जमत नसेल तर विधवेने आपल्या आणि मुलांच्या वतीने स्वतंत्र अर्ज लगेच द्यावा, वाट पाहू नये.

चार्जशीटपर्यंत आणि पुढे

तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या अधिकाऱ्याने करायचा आणि साठ दिवसांत चार्जशीट दाखल करायचं, असं नियम ७ सांगतो. उशीर झाला तर तपास अधिकाऱ्याने कारण लेखी द्यायचं. पन्नासाव्या दिवशी विचारणा करा. चार्जशीट अडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे आरोपीचा जातीचा पुरावा मिळाला नाही. तुम्हाला आरोपीची शाळा माहीत असेल तर तिचं नाव तपास अधिकाऱ्याला कळवा. शाळेच्या नोंदीवरून काम भागतं.

चार्जशीट न्यायालयात गेलं की त्याच आठवड्यात विशेष खटला क्रमांक घेऊन समाजकल्याणला दुसऱ्या हप्त्याचा अर्ज द्या. इथे पोलिसांवर विसंबू नका. गुन्हा त्यांच्या दृष्टीने निकाली निघालेला असतो. चार्जशीटमधून कलम गळलं नाही ना, तेही बघा. एफआयआरमध्ये असलेलं ३(२)(व्हीए) चार्जशीटमध्ये नसेल तर दुसरा हप्ता छोट्या रकमेवर येतो.

पोलिसांनी बी समरी पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी असल्याचा अहवाल दिला, तर फिर्यादीला न्यायालयाची नोटीस येते. तारखेला हजर राहून विरोध अर्ज द्या. गैरहजर राहिलात तर समरी मंजूर होते आणि पुढचे हप्ते संपतात. आरोपीने उलटी फिर्याद दिली, बऱ्याचदा चोरीची किंवा विनयभंगाची, तरी तुमच्या मदतीवर त्याचा परिणाम व्हायचं कारण नाही.

जामीन, आरोपमुक्ती, शिक्षा, पॅरोल, या प्रत्येक वेळी पीडिताला नोटीस मिळण्याचा आणि म्हणणं मांडण्याचा हक्क कलम १५-ए ने दिला आहे. ही नोटीस नुसता उपचार नाही, ती दिलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात स्पष्ट केलं. त्यासाठी पत्ता आणि फोन नंबर विशेष सरकारी वकिलांकडे लेखी नोंदवा. गाव सोडून नातेवाइकांकडे राहायला गेला असाल तर नवा पत्ता द्या. जुन्या पत्त्यावर नोटीस बजावल्याचं दाखवून जामीन होतो.

गावातून "मिटवून घ्या" असा दबाव येतोच. मिटवलं, साक्षीदार फिरले, आरोपी सुटला, तर शिक्षेला बांधलेला शेवटचा हप्ता मिळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. कार्यकर्त्यांनी कुटुंबाला पूर्ण रकमेचा आकडा सांगून आशा लावू नये. हातात आज काय येईल आणि पुढचं कशावर अवलंबून आहे, तेवढंच सांगावं.

दुसरी मदतही घेता येते

नियम १२(५) प्रमाणे ही मदत इतर कोणत्याही कायद्याखालच्या भरपाईच्या वर आहे. बलात्कार, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचार) आणि ॲसिड हल्ल्याच्या गुन्ह्यांत राज्याची मनोधैर्य योजना आहे. ती २ ऑक्टोबर २०१३ पासून सुरू झाली आणि आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत राबवली जाते. इतर गुन्ह्यांत, आणि आरोपी सापडलाच नाही तरी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली त्याच प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. आरोपीही अनुसूचित जाती-जमातीचा असल्याने ॲट्रॉसिटी लागत नसेल, तर हाच रस्ता. अर्जात ॲट्रॉसिटीखाली मिळालेली रक्कम लपवू नका. लपवल्याचं कळलं तर मंजुरी अडते. आधीची रक्कम लिहून, खाली नियम १२(५) चा उल्लेख करा.

तारखांचा खर्च

नियम ११ खाली पीडित, अवलंबित आणि साक्षीदार यांना तपासाला किंवा तारखेला येण्याजाण्याचं भाडं मिळतं: रेल्वेचं दुसऱ्या वर्गाचं किंवा बस-टॅक्सीचं प्रत्यक्ष भाडं. शिवाय त्या दिवसाचं किमान वेतन आणि जेवणाचा खर्च. स्त्री, अल्पवयीन, साठ वर्षांवरील व्यक्ती आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेली व्यक्ती यांना आपल्या पसंतीचा एक सोबती आणता येतो. त्याचाही खर्च मिळतो. पैसे लगेच, फार तर तीन दिवसांत द्यायचे असतात.

हा खर्च मागणारे फारच थोडे. मजुरी बुडते म्हणून साक्षीदार तारखेला येत नाहीत, आणि त्याच कारणाने खटले पडतात, तरी हा नियम कागदावरच राहतो. तारखेच्या दिवशी न्यायालयातून हजेरीचा दाखला मागून घ्या, एसटीची तिकिटं त्याच्या मागे टाचून ठेवा, आणि त्याच आठवड्यात समाजकल्याणला अर्ज द्या. सहा-आठ तारखांची तिकिटं साठवून एकदम दिली तर त्यातली अर्धी पुसट झालेली असतात आणि शाई दिसत नाही म्हणून नामंजूर होतात. तिकीट हातात आलं की मोबाइलवर फोटो काढा. जिल्ह्यात तीन दिवसांचा नियम पाळला जात नसेल तर पुढच्या तारखेला विशेष सरकारी वकिलांमार्फत न्यायालयाच्या कानावर घाला; न्यायाधीशांनी एकदा विचारलं की थकलेली बिलं निघायला वेळ लागत नाही.